खुंट्यासकट

उद्या सगळं जग बुडालं तरी त्याची एक अख्खी प्रत आमच्या दाजींकडं असेल, आणि ती पाचोडला त्यांच्या बहिणीच्या घरी, ज्वारीच्या कोठीत, कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवलेली असेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ब्रह्मदेवाला सृष्टी नव्यानं मांडायची झाली तर त्याला पाचोडची एसटी पकडावी लागेल. तिथं अक्का, म्हणजे दाजींची थोरली बहीण, त्याला आधी चहा पाजेल, मग कोठीत कोपरापर्यंत हात घालून एक काळी डबी बाहेर काढेल, पदरानं पुसेल आणि बजावून सांगेल, "न्या. पर काम झालं की वापस आणून द्या. आमच्या भावाची हाय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वाळूजच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला आहेत, राहायला मुकुंदवाडीत. उंचीनं बेताचे, आवाजानं मोठे, आणि शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. लग्नात शेरवानी घातली तेव्हाही तो होता, फोटोत दिसतो. मी त्यांचा एकुलता एक मेव्हणा. मी कॉलेजात अकाउंट्स शिकवतो. आमच्या भावकीतला पहिला पदवीधर मीच, आणि हे मी कुणी न विचारता सांगतो, कारण करमाडहून शहरात येऊन, दाटीवाटीच्या काळीपिवळी जीपमध्ये एका पायावर बसून मिळवलेली डिग्री काही झाकून ठेवायची वस्तू नव्हे. दाजी मला नावानं हाक मारत नाहीत. "या ग्रॅज्युएट, बसा ग्रॅज्युएट," असंच चालतं. त्यात अर्धा टोमणा आणि अर्धा अभिमान असतो, आणि कोणता अर्धा कधी वर येईल ते चहात साखर किती पडली यावर ठरतं. पण डिग्रीचा कागद हातात आला त्या दिवशी सगळ्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला, आणि दाजींनी तो कागद उलटापालटा करून काळजीनं विचारलं, "एकच दिली व्हय?" संध्याकाळपर्यंत त्यांनी तो स्कॅन केला होता. आज माझ्या डिग्रीच्या प्रती मुकुंदवाडीत आहेत, करमाडला आहेत आणि पाचोडलाही आहेत. विद्यापीठाला कधी शंका आलीच तर त्यांनी अक्काकडं चौकशी करावी.

दाजींच्या घरात कुठलीही वस्तू एकटी नाही. छत्र्या दोन, टॉर्च दोन, चाव्यांचे जुडगे दोन, आणि दुसरा जुडगा कुठं ठेवला आहे ते माहीत असलेली माणसंही दोन. माझ्या लग्नात त्यांनी आग्रहानं दोन फोटोग्राफर लावले. दोघंही एकमेकांच्या फोटोत आले. अंतरपाट दूर झाला तो क्षण एकाच्याही कॅमेऱ्यात नाही, कारण दोघंही त्या वेळी "तू सरक की" म्हणत भांडत होते. दाजी एखादी हकिगत सांगायला लागले तर तीही दोनदा सांगतात. ताई म्हणते, "हे ऐकलंय आम्ही." दाजी म्हणतात, "ते वरिजनल होतं. ही कॉपी हाय."

पण त्यांचा खरा जीव कॉम्प्युटरच्या बॅकअपमध्ये. बॅकअप तुम्हीआम्हीही घेतो. चार महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर टाकतो, पेनड्राइव्ह हरवतो आणि विषय संपतो. दाजींना हा शब्द असल्या किरकोळ कामासाठी वापरलेला खपत नाही. त्यांचा बॅकअप म्हणजे अख्खी हार्ड डिस्क. एका डिस्कवरचं सगळंच्या सगळं, कणभरही न वगळता, दुसऱ्या डिस्कवर, असं की पहिली काढून दुसरी बसवली तर कॉम्प्युटरलाही कळू नये. एकदा मी माझ्या लग्नाचे तेवढे फोटो पेनड्राइव्हवर मागितले. दाजींनी मला सगळी डिस्कच उतरवून दिली. तीत लग्नाचे फोटो होते, शिवाय रेशनकार्ड होतं, कारखान्यातल्या पंपाची चित्रं होती, आणि दाजींच्या अंगठ्याचा, कॅमेऱ्यावर चुकून आलेला, तांबूस धुरकट फोटो होता. मी म्हणालो, "दाजी, हा अंगठा तरी काढायचा होता." ते गंभीर झाले. "काढायचं कुणी ठरवायचं? तुम्ही? पुढं काय लागंल ते तुम्हाला आत्ताच कळतंय व्हय? ग्रॅज्युएट, जातं आणलं आन् खुंटा राहिला, तर दळायचं कशानं?"

हे जात्याचं आणि खुंट्याचं आमच्या घरात आता म्हणीसारखं झालंय, म्हणून ते इथंच सांगून टाकतो. दाजींचं मूळ गाव पैठणच्या धरणात गेलं. पाणी चढणार हे ठरलं तेव्हा दाजी आईच्या कडेवर होते. लोकांनी बैलगाडीत मावेल तेवढं निवडून घेतलं: देव, भांडी, बियाणं, दाराच्या चौकटी. त्यांच्या आईनं हट्टानं जातंही घेतलं. गाडीत अडकू नये म्हणून त्याचा लाकडी खुंटा उपसून भिंतीतल्या देवळीत ठेवला, आणि तो तिथंच राहिला. नव्या गावात वडिलांनी बाभळीचा खुंटा तासून दिला. जात्यात तो चपखल बसला, पीठही बारीक पडायचं, पण म्हातारी अखेरपर्यंत म्हणायची, "ह्याच्यावर हात बसत नाय." दाजी या घराण्याच्या बाळकडूवर वाढले. मनुष्य निवडायला लागला की नेमकं काहीतरी राहतं, म्हणून निवडायचंच नाही. सगळं घ्यायचं. खुंट्यासकट.

एका उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार मागं हटलं होतं, तेव्हा ते मला मोटारसायकलवर तिकडं घेऊन गेले. भेगाळलेल्या गाळात देवळाच्या जोत्याचे चार दगड होते आणि लांब एक बगळा उभा होता. दाजींनी स्क्रूड्रायव्हरनं गाळाकडं दाखवलं. "ते आपलं घर. हितून आत गेलं की डाव्या हाताला देवळी." मी म्हणालो, "हो." तिथं दुसरं काय म्हणणार?

आता बॅकअप केव्हा घ्यायचा, यालाही दाजींचं शास्त्र आहे. आठवड्याला नाही, महिन्याला नाही. साडेतीन मुहूर्तांवर. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा. "नवं काम मुहूर्तावर करत्यात ना? मंग जुनं काम राखायला मुहूर्त नको?" एकदा मी चावटपणे विचारलं, की अर्ध्या मुहूर्ताला अर्धाच बॅकअप घेत असाल. ते म्हणाले, "मुहूर्त अर्धा असला तरी बॅकअप अख्खाच." मुहूर्त जवळ आला की दाजी क्रांती चौकाजवळ खालिदभाईंच्या दुकानात डिस्क बघायला जातात, आणि घेतली तर जुळी घेतात. एकाच कंपनीची, एकाच मापाची, एकाच तोंडवळ्याची. खालिदभाई गल्ल्यावरून ओरडतात, "क्या दाजी, पूरे शहर का बॅकअप लेरे क्या?" दाजी शांतपणे म्हणतात, "शहरानं सांगितलं तर घेऊ की."

प्रती एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, हा त्यांचा दुसरा नियम. हा त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. त्यांच्या घरात बियाणं असंच ठेवायचे. थोडं आपल्या कोठीत, थोडं लेकीच्या सासरी, थोडं सुनेच्या माहेरी. एका घराला आग लागली, एका घराला कीड लागली, तरी पेरणी चुकत नाही. त्यामुळं एक प्रत पाचोडला अक्काकडं असते. बाजारच्या दिवशी कुणी बाई आली की अक्का कोठी उघडून दाखवते, "हे आमच्या भावाचं बियाणं." कीड लागू नये म्हणून तिनं पहिल्या वर्षी डिस्कला राख चोळली होती. दाजी ती पाचोडहून परत घेऊन आले ते दोन दिवस दाढीच्या ब्रशनं झाडत बसले. तेव्हापासून राख बंद, नुसता पाला. दुसरी प्रत आमच्या करमाडच्या घरी माझ्या आईच्या ट्रंकेत, तिच्या शालूच्या घडीत. आई तिला 'जावयाची ठेव' म्हणते, आणि सणासुदीला शालू नेसायचा झाला तर आधी मुकुंदवाडीला फोन करून परवानगी काढते.

एवढं सगळं राखायचं ते काय, तर माझ्या ताईचं काम. ताई सातवीनंतर शाळेत गेली नाही. तिच्या वाट्याची शाळा मी शिकलो असं आई म्हणते, आणि ते खरं आहे. पण मुकुंदवाडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत ताईचं कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन आहे, आणि तिच्या हातचं भरलेलं ब्लाऊज ज्या लग्नात नाही ते लग्न आमच्या भागात अजून लागायचं आहे. वेली, कुयऱ्या, कमळं, महालक्ष्म्यांचे मुखवटे, सगळं ती स्वतः काढते. आधी बोटानं हवेत, मग कॉम्प्युटरवर, टाक्याटाक्यानं. तो कॉम्प्युटर जुनाट आहे आणि त्यातलं नक्षी काढायचं सॉफ्टवेअर त्याहून जुनाट. ज्यानं ते बसवून दिलं त्यानं धंदा बंद केला, माणूस कुठं गेला पत्ता नाही. म्हणजे नुसत्या नक्षीच्या फाइली उतरवून भागत नाही. त्या उघडणार कशात? सॉफ्टवेअर, त्याच्या सेटिंगा, सगळी डिस्क जशीच्या तशी हवी. दाजींना मी या एका बाबतीत पूर्ण मार्क देतो. इथं खरोखर जातं खुंट्यासकटच लागत होतं. ती डिस्क गेली तर ताईची अख्खी कमाई गेली. कमाई म्हणजे पैसे नव्हेत. पैसा पुन्हा मिळतो. सातवी झालेल्या बाईनं बोटानं हवेत काढलेली वेल पुन्हा मिळत नाही.

गेल्या वर्षी दाजींनी एक नवं यंत्र आणलं. पाव भाजायच्या यंत्रासारखं दिसतं. वर दोन खाचा. डाव्या खाचेत भरलेली डिस्क उभी करायची, उजव्या खाचेत जिच्यावर उतरवायचं ती, आणि एक बटण दाबायचं. कॉम्प्युटर नको, पडदा नको. डावीकडचं सगळं उजवीकडं जातं. ताई म्हणाली, "आन् उलटं झालं मंजे?" दाजी हसले. "उलटं व्हईलच कसं? खूण केलेली हाय." खूण म्हणजे कुंकवाचा टिळा. जी प्रत असते तिला दाजी पहिल्या दिवशीच टिळा लावतात. मूळ डिस्क बिनटिळ्याची, प्रत टिळ्याची. मी सुचवलं होतं की कागद चिकटवून वर लिहा. "कागद निघून पडतो," दाजी म्हणाले. "कुंकू निघत नाय. तुमच्या ताईला विचारा."

दसऱ्याचा दिवस. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी, म्हणून मशीन बंद, म्हणून बॅकअपला याहून चांगला दिवस नाही, असा दाजींचा सरळ हिशेब. सकाळी त्यांनी कॉम्प्युटर उघडून मूळ डिस्क बाहेर काढली. कपाटातून घरात राहणारी तिसरी, अक्षय्य तृतीयेची प्रत आणली. दोन्ही जुळ्या बहिणी टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि झेंडूची फुलं आणायला गेले. इकडं ताईनं पाट मांडला. मशीन पुसलं, कात्र्या, टेप, बॉबिन, सुयांची डबी, सगळं नीट ओळीनं मांडलं, आणि दसऱ्याला बाई जे करते तेच केलं. प्रत्येक हत्याराला हळदीकुंकू वाहिलं. कॉम्प्युटरला वाहिलं. टेबलावरच्या दोन्ही डिस्कना वाहिलं. एकीला आधीचा टिळा होता, तो तिला फिका वाटला, म्हणून तिनं तो पुसून नवा लावला.

दाजी फुलं घेऊन आले. मीही तेव्हा तिथंच होतो, पुरणपोळीचा वास मला करमाडपर्यंत येतो. दाजींनी टेबलाकडं पाहिलं. दोन्ही लालपिवळ्या. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांचा हात हवेत थांबला. मी म्हणालो, "दाजी, कळतंय का कुठली कोणती?" त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना त्यांचीच पोरं ओळखायला सांगितली. "माझी वस्तू मला कळत नाय व्हय, ग्रॅज्युएट?" आणि एक डावीकडं, एक उजवीकडं उभी करून त्यांनी बटण दाबलं. मग खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. मिक्सर लावू दिला नाही, लाइट झटका देते म्हणून. ताईनं पुरण हातानं वाटलं. मला पाय आपटत चालू दिलं नाही. यंत्राचे दिवे एकेक करत लागत गेले. सगळे लागले तेव्हा दाजींनी आपट्याचं पान त्या यंत्रावर ठेवलं आणि म्हणाले, "झालं सोनं."

दुसऱ्या दिवशी, मी मुक्कामालाच होतो, ताईनं मशीन सुरू केलं. लग्नसराईची कामं अंगावर होती. तुळशीचं लग्न लागलं की नवऱ्या मुलींची रांग, आणि त्यांनी गेल्या काही महिन्यांतल्या नव्या नक्षी पसंत करून ठेवलेल्या. ताईनं पडद्यावर खाली वर पाहिलं आणि आतल्या खोलीकडं तोंड करून विचारलं, "आवो, माझ्या महालक्ष्म्या कुठं गेल्या?"

दाजी दाढी करत होते. म्हणाले, "गेल्या की आता. विसर्जन होऊन किती दिवस झाले."

"तशा नाय वो. कॉम्प्युटरातल्या."

दाजी अर्ध्या दाढीनं बाहेर आले. पडद्यावर सगळं ठीकठाक होतं. सॉफ्टवेअर उघडत होतं, वेली होत्या, कुयऱ्या होत्या. फक्त अक्षय्य तृतीयेच्या पुढं काही नव्हतं. श्रावण नव्हता, महालक्ष्म्या नव्हत्या, नवऱ्या मुलींनी पसंत केलेलं काहीच नव्हतं. डावीकडची उजवीकडं आणि उजवीकडची डावीकडं गेली होती. दाजींनी जुनी प्रत अख्खी, खुंट्यासकट, नव्या कामावर उतरवली होती. करमाडची प्रत त्याहून जुनी, पाचोडची तर त्याहूनही. ताईच्या फोनमध्ये फोटो असतील म्हणून पाहिलं, तर फोन हलका राहावा म्हणून दाजीच दर आठवड्याला ते कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि फोनमधून पुसायचे.

मी आणि दाजी क्रांती चौकात खालिदभाईंकडं गेलो. वाटेत मीच त्यांची एक जुनी हकिगत दोनदा सांगितली. खालिदभाईंनी डिस्क लावून पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "दाजी, उसके उप्पर दुसरा लिख दिए तुम. अब नीचे का किधर से निकलता?" मग आतून चहा मागवला. दाजींनी तो घेतला नाही. घरी आल्यावर त्यांनी ते दोन खाचांचं यंत्र कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले. अर्धी दाढी तशीच होती. मी आयुष्यात त्यांना बऱ्याच अवतारात पाहिलंय, पण आवाजाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "निवडलं नव्हतं मी. सगळं घेतलं होतं. तरी राहिलं."

ताई जेवायला वाढत होती. तिनं ताट त्यांच्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "डोकं धरून बसू नका. जेवा. मी टिळा लावला, तुम्ही बटण दाबलं, दोघांनी मिळून केलं. आन् तुमच्या डब्या राहू द्या कोठीत. माझा बॅकअप बायांच्या पाठीवर हाय."

मला ते कळायला वेळ लागला, आणि मी एम.कॉम. आहे. नक्षी कॉम्प्युटरमधून गेली होती, पण ब्लाऊजवर तर होती! ताईनं फोन लावायला सुरुवात केली. "ताई बोलते गं मुकुंदवाडीची. ते महालक्ष्म्यांचं ब्लाऊज घडीभर आणून दे. नाय, तुझं काय बिघडलं नाय, माझं बिघडलंय." आणि बाया आल्या. कुणी रिक्षानं, कुणी स्कूटीवर, एक तर लेकराला शाळेत सोडून ब्लाऊज दप्तरात घालून. प्रत्येकीनं आल्या आल्या दाजींकडं पाहून पदर तोंडाला लावला, कारण बातमी ब्लाऊजच्या आधी फिरली होती. "दाजी, टिळा नका लावू हं ह्याला." दाजी खाली मान घालून ब्लाऊज घ्यायचे, त्याची पाठ इस्त्री करायचे, स्कॅनरच्या काचेवर फूल ठेवल्यासारखी ठेवायचे, आणि पडद्यावर नक्षी आली की ताईकडं बघायचे. ताई ती नक्षी टाक्याटाक्यानं पुन्हा बसवायची. काही ठिकाणी मूळच्यापेक्षा बरी झाली. तसं ती म्हणाली, मी म्हणालो नाही.

तुळशीच्या लग्नानंतर करमाडला आमच्या भावकीत लग्न होतं. मांडवात मी पाहुण्यांना पाणी देत होतो, तेवढ्यात गलका झाला. बघतो तर दाजी एका पोक्त बाईच्या मागं मागं, पाठीवर नजर रोवून, जेवणाच्या पंगतीतून चालले होते. ती नवरदेवाची मावशी. ती गर्रकन वळली. "काय वं पाव्हणं? काय बघताय कवाचं?"

दाजी घाबरून खरं बोलले. "वेल."

"कसली वेल?"

"पाठीवरची."

दोन तरणे पाहुणे बाह्या सरसावून पुढं आले. ताई कुठूनशी धावत आली. "मावशी, आवो ते ब्लाऊजचं बघत्यात! माझ्याच हातचं हाय, श्रावणात नेलंवतं तुमच्या सुनबाईनं. कॉम्प्युटरातून गेलंय." मावशीनं सगळी हकिगत ऐकून घेतली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "मंग चोरून काय बघता? फोटो काढा की नीट!" आणि ती मांडवाच्या मधोमध, झगमगत्या लाइटखाली, पाठ करून ताठ उभी राहिली. दाजींनी मान वळवून, डोळे जवळजवळ मिटून फोटो काढला. मावशीच्या मागं आणखी चार बाया येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या ब्लाऊजवर ताईचं काम नव्हतंच, पण रांग लागली म्हणून लागल्या.

असं करत करत बहुतेक सगळं परत आलं. लग्नसराई पार पडली. एक नक्षी मात्र आली नाही. मागं वळून बघणारा मोर. कुणी एक बाई पाऊसकाळात आली होती, गावाला जाता जाता, ओळखीची नाही, फोन नंबर दिला नव्हता. ताईनं तिला समोर बसवून एका बैठकीत तो मोर काढला होता आणि भरून दिला होता. ताई म्हणते तिच्या हातून त्याच्याइतकं चांगलं काही उतरलं नाही. तिनं पुन्हा काढून पाहिला. मोर होतो, पिसारा होतो, मानही वळते. पण ती म्हणते, "हात बसत नाय." हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा दाजी उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

पाडव्याच्या सकाळी मी गेलो तेव्हा गुढी उभी होती, आणि ताई स्टुलावर चढून माळ्यावरून काहीतरी काढत होती. कापडात गुंडाळलेलं ते यंत्र तिनं दाजींच्या हातात दिलं. म्हणाली, "मुहूर्त चाललाय." दाजी म्हणाले, "नको." ती म्हणाली, "घ्या म्हणते ना. मी हळदीकुंकवाचं ताट आत ठेवलंय." दाजींनी मूळ डिस्क काढली, डाव्या खाचेत घातली, बाहेर काढली, पुन्हा पाहिली, पुन्हा घातली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ग्रॅज्युएट, तुम्ही बघा एकदा." एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मी पाहिलं. बरोबर होती. बटण त्यांनी ताईला दाबायला लावलं.

काम झाल्यावर नवी प्रत कॉम्प्युटरला लावून ते सगळं नीट आलं का ते दाखवत होते. महालक्ष्म्या होत्या, मावशीची वेल होती, माझी डिग्री होती, तो तांबूस अंगठाही होता. सगळ्यांत खाली एक फोल्डर होता, 'मोर' नावाचा. मी उघडला. आत काही नव्हतं.

"दाजी, हा तर रिकामा आहे. हा कशाला घेतला?"

त्यांनी फोल्डर बंद केला, कुणी झोपलेलं असावं तसा हळूच. "रिकामाच हाय. असू द्या. जात्याला भोक असतंय म्हणून तर खुंटा आठवतो."

ती प्रत आता पाचोडला आहे, ज्वारीच्या कोठीत, पाल्यात गुंडाळलेली, त्या रिकाम्या जागेसकट. दाजींचा आवाज परत आला आहे, हकिगती पुन्हा दोन-दोनदा ऐकाव्या लागतात, आणि कुठल्याही लग्नात ते आता ताईला पुढं घालूनच बायांच्या मागून चालतात. हसायचं तेवढं मी हसून घेतो. पण कॉलेजला जाताना क्रांती चौकात लाल दिवा लागतो, पुढं कुणी बाई स्कूटीवर थांबलेली असते, आणि माझी नजर आपोआप तिच्या पाठीवर जाते. वेल असते, कुयरी असते, कधी कमळ असतं. मोर नसतो. मागून हॉर्न वाजतात. दिवा हिरवा झालेला असतो.